डोंगराकडे पाठ

सरकत्या जिन्याच्या तोंडाशी त्याने तिचं कोपर धरलं आणि तिने ते झटक्याने सोडवून घेतलं. झालं ते एवढंच. हातात पडद्याच्या कापडाची पिशवी होती, मागून माणसांचा लोंढा येत होता, पिशवी घसरली म्हणून हात आपसूक वर गेला, असं ती म्हणू शकली असती. पण त्याने काही विचारलंच नाही. तो बाजूला झाला, मागच्यांना वाट करून दिली आणि भिंतीच्या कडेकडेने साध्या जिन्याकडे वळला. ती खाली पोचून वर बघत उभी राहिली. नजर समोर रोखून, कठड्यावरचा हात आधी पुढे सरकवून, मग एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, असा आपला नवरा उतरतो आहे, हे ती बघत होती. लाज वाटली का आपल्याला त्याची? नाही, लाज नाही. कड्यावर एखादा दगड हाताखाली हलला की विचार करायच्या आत हात मागे येतो, तसा तो आला होता. नवरा हलला होता. हे तिच्या लक्षात आलं ते तिथे, चपलांच्या दुकानासमोर, दिव्यांच्या झगझगाटात. तो खाली पोचला, म्हणाला, "चल, पडद्यांच्या कड्या राहिल्यात ना?" आणि ती म्हणाली, "हो, कड्या." घरी येईपर्यंत दोघं कड्यांबद्दलच बोलत राहिली.

हा माणूस कधी हललाच नव्हता. गिर्यारोहण मंडळात त्याला सगळे खिळा म्हणत. मागचा दोर धरून तो एकदा बसला की वरचा गडी सुटून लोंबकळला तरी हा तसूभर सरकायचा नाही. तिला पाल म्हणत, ते उघडच होतं. दोघांचं लग्न ठरलं तेव्हा नणंद, म्हणजे त्याची थोरली बहीण, हसत म्हणाली होती, "खिळा म्हटल्यावर काहीतरी लटकणारच." तेव्हाच्या हसण्यात तीही होती. आणि खरंच लटकली होती ती, किती तरी कड्यांवर, निर्धास्त. खाली बघायची तर त्याचं वर केलेलं तोंड दिसायचं, चपट्या ताटलीसारखं, डोळे बारीक केलेलं, तिच्यावरून एक क्षण न हटणारं. तो उंच इमारतींना काचा बसवायचा. बाहेरून दोरावर उतरून, रबरी चोषकांनी काच भिंतीला भिडवायची, कडेने लुकण भरायचं, की पुढची. ती इस्पितळात क्ष-किरण विभागात. दिवसभर माणसांना फळीला छाती चिकटवून उभं करायचं आणि काचेमागून सांगायचं, "श्वास घ्या. रोखा. सोडा." घरी तो तिची नक्कल करायचा. ती रागावली की म्हणायचा, "श्वास घ्या, बाई. रोखा. सोडा आता."

मग थंडीत साधी सर्दी झाली, ती कानात उतरली, ताप आला, गेला, आणि जाताना त्याचा तोल घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या: आतल्या कानाला इजा झाली आहे, जिवाला धोका नाही, हळूहळू सवय होईल, पण मान वर करून बघायचं नाही, एकदम वाकायचं नाही, उंचावरचं काम तर विसराच. "विसराच" हा शब्द त्यांनी इतका सहज उच्चारला, की बाहेर आल्यावर तोच हसला. "विसराच म्हणे. डोक्याला नाही झालंय, कानाला झालंय." पण एका सकाळी स्वयंपाकघरात त्याने वरच्या फळीवरची बरणी काढायला मान वर केली आणि सगळं घर त्याच्याभोवती कलंडलं. ती धावत आली तेव्हा तो फरशीवर तळवे टेकून बसला होता, ओकत होता, आणि फरशीला असं दाबून धरत होता, जणू तीच त्याच्याखालून निसटेल. तेव्हापासून तो दुकानात गल्ल्यामागे बसून काचा कापत असे. बाहेरची कामं दुसरी माणसं करत. ती माणसं दोरांचे वेटोळे खांद्यावर टाकून निघाली की तो दाराकडे बघत नसे.

आणि त्या धारेचं राहूनच गेलं होतं. एका मोठ्या हिमशिखराला दक्षिणेकडून चढत जाणारी कातळाची लांबलचक धार. करवतीला दाते असावेत तसे सुळके, मध्ये खाचा, शेवटी बर्फाची पात. मंडळातल्या कुणी ती पुरी केली नव्हती. लग्नाआधी त्यांनी दोघांनी तिचं चित्र पहिल्यांदा पाहिलं, तेव्हापासून ती त्यांच्या संसारातलं तिसरं माणूस होऊन बसली होती. जेवताना बोलणं तिच्यावर यायचं: घोड्यावर बसल्यासारखं पाय दोन्हीकडे टाकून सरकायचं ती जागा, मोठ्या सुळक्यावरून दोराने खाचेत उतरायचं ती जागा. तो मिठाचा डबा सुळका म्हणून मांडायचा. मग कधी सासरे आजारी, कधी तिच्या नोकरीतल्या रजा, कधी नवं घर, आणि एकदा तर पायथ्याशी जाऊन ढग बघून परत. परत फिरू या असं तीच म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निघालं. तो बसमध्ये तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. दर खेपेला "पुढच्या वर्षी" हे शब्द तिच्याच तोंडातून निघाले होते, आणि वर ती म्हणायची, डोंगर काय कुठे पळून जातोय? डोंगर कुठेच गेला नाही. तिथेच आहे.

सरकत्या जिन्यानंतर थोड्याच दिवसांनी ती त्याचा डबा घेऊन दुकानात गेली, तेव्हा तो एका मोठ्या काचेवर पट्टी ठेवून काच कापायची हिरकणी ओढत होता. तिने ठरवून काही विचारलं नाही. तोंडातून गेलं. "मी एकटीच जाऊ का, धारेवर?" हिरकणीचा आवाज थांबला नाही. करकर करत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग त्याने काच टेबलाच्या काठावर घेऊन हलकेच दाबली, आणि ती रेघेवर स्वच्छ मोडली. "जा की," तो म्हणाला. "गुडघे अजून धड आहेत तोवर जाऊन ये." रेघ वाकडी गेली नव्हती. नंतर कित्येक दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली, की रेघ वाकडी गेली नव्हती. नणंदेला कळलं तेव्हा तिने आडपडदा ठेवला नाही. "दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. आणि त्याला काय वाटेल?" "त्यानेच जा म्हटलंय, ताई." "तो जाच म्हणणार. तो दुसरं काय म्हणणार?" नणंद भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. "खिळाच तो."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने तिची पिशवी भरून दिली. खाली वाकणं नको म्हणून सगळं सामान पलंगावर मांडलं. बारीक दोर त्याने हातांतून पूर्ण फिरवून तपासला, डोळे मिटून, बोटांनी. बर्फासाठी बुटांना बांधायच्या क्रॅम्पॉनचे दाते कापडात गुंडाळले. "सुळक्यापर्यंत वाटलं तर परत फिरता येतं," तो म्हणाला. "खाचेत उतरून दोर ओढून घेतलास की मग मागे वाट नाही. मग वरूनच सुटका. तेवढं तिथे उभं राहून ठरव." हे तिला पाठ होतं; मिठाच्या डब्यापासून पाठ होतं. तरी तिने ऐकून घेतलं. आणि का कोण जाणे, तिला वाटलं की हा आपल्याला वाट सांगत नाहीये, काहीतरी मागतोय. तिने विचारलं असतं तर? पण पिशवीचा पट्टा अडकला होता, तो सोडवण्यात दोघांचे हात गुंतले, आणि ते राहिलं.

पायथ्याच्या मोटारतळावर बस वळसा घेऊन परत फिरते. तिथून वरच्या दगडी निवाऱ्यात पोचायला तिला अर्धा दिवस लागला. निवारा सांभाळणारी बाई धिप्पाड, कामाच्या आवाजात बोलणारी. तिने विचारलं, "बरोबर कोण?" "कोणी नाही." बाईने तिच्याकडे नीट पाहिलं, पांढरे झालेले कानशिलावरचे केस पाहिले, बोटं पाहिली. बोटांवर तिचं समाधान झालं असावं. "जोडीदार?" "तब्येत बरी नसते त्याची." बाई म्हणाली, "मग वर जाऊन त्याला हाका मारत बसू नका. बरेचजण मारतात. लक्ष जातं."

उजाडताना ती धारेवर होती. पहिला कातळ रात्रभराच्या गारठ्याने बधिर करणारा, बोटांना टोचणारा, पण पक्का. आणि चढायला लागल्यावर अंगाला जुनं काहीतरी आठवू लागलं. हात आपली जागा शोधत होते, पाय आपली. डावीकडे हिमनदी राखाडी निजलेली, उजवीकडे दरी, तिच्यात धुकं. सूर्य वर आला तशी धार पुढे पुढे उलगडत गेली, दात्यामागे दाता, आणि प्रत्येक दाता तिच्या ओळखीचा. इथे डावीकडून. इथे चीर आहे, तिच्यात मूठ घालून वळवायची. जेवणाच्या टेबलाशी बसून दोघं ही धार इतक्या वेळा चढली होती, की तिला वाटलं आपण पहिल्यांदा येतच नाही आहोत, कुठल्या तरी सोडून दिलेल्या घरातून पुन्हा फिरतो आहोत. फक्त त्या घरात दोघं होती. घोड्याच्या जागी ती पाय दोन्हीकडे टाकून बसली, तळवे पुढे टेकून अंग उचलून सरकली, पुन्हा टेकले, पुन्हा सरकली. कातळ इतका धारदार की मांडीला पँटमधून जाणवत होता, आणि दोन्ही बाजूंना पायांखाली नुसती हवा. मध्यावर तिच्या कानांवर तिचाच आवाज आला. "ढील दे," ती म्हणाली होती. मोठ्याने, स्पष्ट, जसं मागे बसलेल्या माणसाला सांगावं. दोर तर पिशवीत होता. ती तशीच बसून राहिली, तोंड उघडं. मग तिला हसू आलं, आणि हसणं चांगलं नव्हतं, कारण त्याने अंग हलत होतं. श्वास घ्या, तिने स्वतःला सांगितलं. रोखा. सोडा.

त्यानंतर ती जास्त सावध झाली आणि सावध झाल्यामुळेच की काय, चुकली. सुळक्याखालच्या भिंतीत कातळाची एक धड वाटणारी पाटी होती, पुस्तकाएवढी, तिच्यावर तिने उजवा हात टाकला आणि वजन दिलं, आणि पाटी निमूटपणे कातळातून निघून तिच्या हातात आली. क्षणभर ती तो दगड हातात धरून उभी होती. डावा हात चिरेत, पाय दोन बोटभर काठांवर, आणि अंग दारासारखं बाहेर उघडत चाललेलं. तिने दगड सोडला. चिरेतली मूठ फिरली, कातडं सोललं, पण मूठ राहिली. अंग परत आत आलं. दगड खाली आपटत, फुटत, बराच वेळ बोलत गेला. दोघं असती तर मागचा दोर ताणला गेला असता, कमरेला तो ओळखीचा हिसका बसला असता आणि खालून आवाज आला असता, "धरलंय." इथे कुणी धरलेलं नव्हतं. भीती नंतर आली, सुळक्याच्या माथ्यावर बसल्यावर. आणि भीतीच्या मागून आली ती दुसरीच गोष्ट. तिला स्वच्छ दिसलं, की कान बिघडल्यावर रोज सकाळी उठताना तो असाच जगत असणार. हाताखालची पाटी निघून आलेली, कमरेला दोर नाही. आणि बाजूला ती झोपलेली असते. आणि त्याने एकदाच, फक्त एकदाच, धर म्हटलं होतं, जिन्याच्या तोंडाशी, तेही न बोलता.

तिने दोर दुहेरी करून माथ्यावरच्या मेखेतून ओवला आणि खाचेत उतरली. वारा नव्हता. खाच एका खोलीएवढी, तळाला बारीक घसारा, समोर पुढची भिंत, तिच्यात उन्हाचा पहिला पट्टा. दोराच्या दोन्ही पदरांना धरून ती उभी राहिली. हे दोन पदर असे लोंबते आहेत तोवर त्यांना धरून वर चढता येईल, सुळका मागे टाकून, घोडा मागे टाकून, दुपारी निवाऱ्यात, रात्री घरी. सांगता येईल की पाटी निघाली, हात सोलला, बघ. तो हात हातात घेऊन बघेल. म्हणेल, बरं केलंस. मग ही धार पुन्हा दोघांची अपुरी राहील, जेवणाच्या टेबलावर, जशी होती तशी. ते फार वाईट नव्हतं. खाली, दरीच्या तळाशी, मोटारतळ नखाएवढा चमकत होता, गाड्यांच्या काचांनी. काचा, तिला वाटलं, आता तो दुकान उघडत असेल. फडताळं पुसत असेल. किती वेळ ती तशी उभी होती कुणास ठाऊक. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत तिच्या बुटांवर आला. तिला आतून कुठेतरी ठाऊक होतं की परत फिरायला हवं, आणि तितकंच ठाऊक होतं की आज आपण फिरलो तर ते सुद्धा त्याच्यावर उपकार म्हणूनच. आणि ह्या दोन्हींच्या खाली, कुणाला न सांगण्यासारखं, साधं आणि हट्टी: तिला वर जायचं होतं. मागे कोणी नसताना आपण चढू शकतो, हे तिला नुकतंच कळलं होतं, आणि ते आवडलं होतं. तिने एक पदर ओढला. दोर सरसरत वर गेला, मेखेतून सुटला आणि तिच्या पायांशी येऊन पडला.

पुढचं तिला नीट आठवत नाही. भिंत होती, अवघड होती, झाली. बर्फाच्या पातीवर क्रॅम्पॉनचे दाते कचकच रुतत होते आणि सावली एका बाजूने तिच्याबरोबर चालत होती. मग चढायला काही उरलं नाही. माथा बसायला घातलेल्या चटईएवढा. चहूकडे, जिथवर डोळे जातील तिथवर, पर्वतांच्या रांगांमागे रांगा, इतक्या स्वच्छ की दूरच्या रांगांच्याही घड्या मोजता याव्यात; पलीकडच्या बाजूला तीन तळी एकाखाली एक, प्रत्येकाचा निळा वेगळा; आणि त्यापलीकडे सपाट मुलुख, नद्या, आणि सगळ्याच्या शेवटी उजेडाची एक रेघ, जिच्याबद्दल पैज लावता आली असती की तो समुद्रच. ती बघत राहिली. कुणाला तरी दाखवायला तिचा हात उचलला गेला, आणि खाली आला. आयुष्यात इतकं सुंदर तिने काही पाहिलं नव्हतं, आणि ते बघताना तिला चोरी करत असल्यासारखं वाटत होतं.

पलीकडची उतरण सोपी, बर्फाची, मग खिंड, मग पायवाट. दिवस कलता कलता ती मोटारतळावर पोचली, पाय ओढत. एक टोपीवाले, पोट सुटलेले गृहस्थ गळ्यात भलीमोठी दुर्बीण घालून तिच्याकडे जवळजवळ धावतच आले. "अहो, लाल जाकीट! तुम्हीच ना त्या? सकाळपासून बघतोय तुम्हाला! आमच्या हिने चारदा चहा केला, मी जागचा हललो नाही." ती ओशाळून हसली. "अहो, मी एकटा बघत असतो तर कंटाळलो असतो, पण तुमच्या यजमानांनी काय समजावून सांगितलं एकेक! मी नुसतं वर्णन करायचं, सामन्याचं करतात तसं, आता हात वर, आता थांबल्या. आणि ते इथूनच सांगायचे, की आता डावीकडे जातील. आणि तुम्ही डावीकडेच!"

"यजमान?" ती म्हणाली.

"ते काय."

मोटारतळाच्या कडेला लाकडी बाक होतं. तो त्यावर बसला होता, डोंगराकडे पाठ करून. समोर नुसती गाड्यांची रांग आणि कचऱ्याचा पिंप. सदऱ्यावर पुढे ओकारीचा वाळलेला डाग होता. त्या वळणावळणांच्या रस्त्याने तो काय होऊन आला असेल ते त्या डागाने सांगितलं. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्याने मान न उचलता, फक्त डोळे उचलून पाहिलं.

"आलीस," तो म्हणाला.

"तू कधी आलास?"

"पहाटेच्या बसने. ताईला सांगू नकोस, ती मारेल." मग म्हणाला, "बघता येणार नव्हतंच. पण म्हटलं, बसावं." ती शेजारी बसली. तिचीही आता डोंगराकडे पाठ होती. टोपीवाले गृहस्थ शहाण्या माणसासारखे दूर गेले. तो तिचा सोललेला हात मांडीवर घेऊन उलटासुलटा करून बघू लागला.

"सुळक्याखाली काहीतरी निघालं," तो म्हणाला. "ते ओरडले एकदम."

"पाटी."

"आणि मग खाचेत तू फार वेळ थांबलीस. ते म्हणाले, अडकल्या बहुतेक. मी म्हटलं, नाही, ठरवतेय." त्याचा अंगठा तिच्या मनगटावरून फिरत होता. "मग ते म्हणाले, दोर ओढला."

तिने हात सोडवून घेतला नाही.

"खरं सांगू का? मला वाटत होतं, ओढू नयेस." तो स्वतःशीच हसला. "जा मीच म्हटलं होतं. पिशवी मी भरली. पण इथे बसून मनात सारखं तेच. ओढू नको, ओढू नको. असं वाटायला नको होतं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिथे उभी होते तेव्हा माहीत होतं."

त्याने मान हलवली, अगदी थोडी, तोल सांभाळून. हात तसाच मांडीवर धरून ठेवला. कुणीतरी गाडी सुरू केली, तिच्या काचेवर मावळतीचं ऊन फिरलं आणि गेलं. मग त्याने विचारलं, लग्नाआधी एखाद्या दिवशी विचारलं असतं तितक्याच उत्सुकतेने, "वर काय दिसलं?"

तिन्ही तळी तिच्या डोळ्यांसमोर होती. ती उजेडाची रेघ होती.

"काही नाही रे," ती म्हणाली. "ढग होते. आपण तेव्हा परत फिरलो ना, तसेच."

"हो का," तो म्हणाला.

बस वळसा घेऊन आली. तो बाकाच्या पाठीला धरून सावकाश उठला, पुढे झाला, आणि तेव्हा तिला त्याची मान मागून दिसली. सदऱ्याच्या गळ्यापासून केसांपर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत ती लालभडक भाजून निघाली होती, कातडं ताणून चकाकत होतं, एका ठिकाणी फोडही आला होता. दिवसभराच्या उन्हाने, निरभ्र आभाळाखाली. तिच्या जाकिटाच्या खिशात मलम होतं. नळीवर बोटं मिटून ती त्याच्या मागे चालू लागली, आणि बस सुटेपर्यंत, वळणं सुरू होईपर्यंत, तो खिडकीशी डोळे मिटून बसला तरी, तिला ते बाहेर काढता आलं नाही.